उंदीर, विषाणू आणि वऱ्हाडी माणूस

२०२१ च्या फेब्रुवारीत बाकी देशात करोना संपल्याची भाषा सुरू झाली होती. मंगल कार्यालयं पुन्हा भरत होती, आणि अमरावतीत मात्र रुग्णांचा आकडा रोज चढत होता. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून अमरावती आणि अचलपूर या शहरांत आठवडाभराची टाळेबंदी लागली. विभागातल्या अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ या जिल्ह्यांवरही निर्बंध आले. मुंबई-पुण्याच्या वाहिन्यांना वऱ्हाड एरवी दोनच कारणांनी आठवतं, शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि उन्हाचा पारा. त्या महिन्यात तिसरं कारण मिळालं. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत विषाणूच्या काटेरी प्रथिनात दोन बदल एकत्र दिसताहेत. त्यांची नावं एल४५२आर आणि ई४८४क्यू. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या अभ्यासात विदर्भातले नमुने ठळक होते. त्याच कुळातून पुढे डेल्टा निघाला आणि जगभर फिरला.

लोकांनी या सगळ्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. गावातला एक धडधाकट माणूस आठ दिवसांत गेला आणि शेजारची दम्याची म्हातारी घरच्या घरी बरी झाली, तर पारावरचा निकाल ठरलेला असे : "त्याची प्रतिकारशक्तीच कमी पडली बाप्पा, म्हून गेला." शासनाची भाषा काही निराळी नव्हती. प्रतिकारशक्ती वाढवा, काढा घ्या. अर्सेनिकम अल्बमच्या गोळ्या नगरपालिकांपासून हाउसिंग सोसायट्यांपर्यंत सगळ्यांनी वाटल्या. या सगळ्याच्या मुळाशी एकच कल्पना होती : शरीरात एक ताकद असते, ती कमी किंवा जास्त असते आणि प्रयत्नाने वाढवता येते.

ही कल्पना अमरावतीत सहज रुजावी यात नवल नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या हनुमान आखाड्याचं हे शहर. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक मल्लखांब आणि देशी कसरती दाखवून आलं. दंडात बळ आहे म्हणजे रोग जवळ येणार नाही, हे इथल्या दोन-तीन पिढ्यांनी श्रद्धेने मानलं. व्यायामाला माझा काडीचाही विरोध नाही. पण करोनाने आणि त्याच्या कितीतरी आधी कुष्ठरोगाने दाखवून दिलं की रोगापासूनचं संरक्षण हा मुख्यतः बळाचा मामला नाही. तो ओळखण्याचा मामला आहे. आणि शरीर ज्याला ओळखतं तो शत्रूही नाही, निदान थेट तरी नाही. हे आपल्याला शिकवलं उंदरांनी.

लंडनमध्ये पीटर गोरर १९३६ च्या सुमारास उंदरांच्या गाठींवर काम करत होता. एका उंदराची गाठ दुसऱ्यावर रुजवली तर कधी रुजते, कधी गळून पडते. हे कशावर ठरतं, असा त्याचा प्रश्न होता. उत्तर मिळालं ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका आनुवंशिक खुणेत. तिला पुढे एच-२ म्हटलं गेलं. अमेरिकेत जॉर्ज स्नेलने पुढची कित्येक वर्षं खर्चून उंदरांच्या अशा जाती तयार केल्या, ज्या बाकी सगळ्या बाबतींत सारख्या आणि फक्त या खुणेत वेगळ्या. भावाबहिणींचे संबंध पिढ्यान् पिढ्या लावून प्रयोगशाळेत असे उंदीर घडवले जातात की एका जातीतला प्रत्येक उंदीर दुसऱ्याची प्रतिकृती ठरावा. माणसांत ही खूण एचएलए नावाने ओळखली जाते. अवयवरोपण जमेल की फसेल, ते तिच्यावर बरंचसं ठरतं. १९८० चं नोबेल स्नेल, जाँ दोसे आणि बेनासेराफ यांना याच कामासाठी मिळालं. पण एक गोष्ट कुणालाच उमगत नव्हती. निसर्गात एका उंदराची कातडी दुसऱ्याला कुणी लावत नाही. मग ही रोपणाची खूण पेशींवर आलीच कशासाठी?

उत्तर सापडलं कॅनबेरात, ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत. पीटर डोहर्टी शिक्षणाने गुरांचा डॉक्टर. (अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे म्हणून मुद्दाम सांगतो : पशुवैद्यकाला मिळालेलं हे वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल.) रोल्फ झिंकरनागेल स्वित्झर्लंडहून आलेला. दोघे उंदरांच्या मेंदूला सूज आणणाऱ्या एका विषाणूवर काम करत होते. संसर्ग झालेल्या उंदराच्या टी-पेशी, म्हणजे बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, काढायच्या आणि तोच विषाणू असलेल्या दुसऱ्या पेशींवर सोडायच्या. त्या पेशींत आधी किरणोत्सारी क्रोमियम भरून ठेवलेलं. टी-पेशींनी पेशी मारली की क्रोमियम बाहेर पडणार आणि ते मोजता येणार. अपेक्षा साधी होती : विषाणू तोच, तर टी-पेशी कुठेही त्याला गाठून मारतील. प्रत्यक्षात मारल्या गेल्या त्या फक्त त्याच एच-२ खुणेच्या उंदरांच्या पेशी. दुसऱ्या खुणेच्या पेशी विषाणूने खचाखच भरलेल्या असूनही टी-पेशींनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. १९७४ साली हे 'नेचर'मध्ये आलं, नोबेल १९९६ साली. टी-पेशी सुटा विषाणू पाहूच शकत नाही, तिला दिसतो तो आपल्याच शरीराच्या खुणेवर बसलेला विषाणू, हा त्या प्रयोगाचा अर्थ. एवढ्या साध्या मांडणीच्या प्रयोगाने एवढी मोठी समजूत उलटवल्याची उदाहरणं जीवशास्त्रात फार नाहीत.

अकोल्याच्या कापूस बाजारात हर्रास होताना व्यापारी शेतकऱ्याच्या वावरात जात नाही. गाडीतला कापूस मूठभर उपसतो, दोन चिमटींत धागा ओढून लांबी बघतो आणि त्यावर सगळ्या गाडीचा भाव बोलतो. टी-पेशीची पद्धत हीच. जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे, आठ-दहा अमिनो आम्लांचे, एचएलए रेणूच्या खोबणीत धरून सतत पृष्ठभागावर मांडत असते. निरोगी पेशीत सगळे तुकडे घरचेच. विषाणू घुसला की त्याचेही तुकडे त्यांत येतात. टी-पेशी येते, चाचपते, पुढे जाते. घरच्या रेणूत परका तुकडा सापडला की ती पेशी मारते. ही खोबण प्रत्यक्ष दिसली १९८७ साली, पामेला ब्योर्कमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी एचएलए रेणूची रचना उलगडली तेव्हा. वर दोन सर्पिल कडा, मधे चर, आणि चरात काहीतरी आधीच बसलेलं.

ही चाचपणी टी-पेशी शिकते ती छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. १९६० पर्यंत थायमसला निरुपयोगी अवशेष समजत असत. जॅक मिलरने १९६१ साली नवजात उंदरांची थायमस काढली आणि ते उंदीर संसर्गांना बळी पडू लागले, तेव्हा तिचं काम कळलं. तिथे जन्मलेल्या बहुतेक टी-पेशी तिथेच मरतात. ज्यांना घरचा एचएलए ओळखताच येत नाही त्या निरुपयोगी, ज्या त्याला फार कडकडून चिकटतात त्या धोकादायक. दोन्ही गाळून शेकडा पाचहून कमी बाहेर पडतात. घरच्याची थोडीशी, हलकीशी ओळख असेल तरच परक्याला हेरण्याची परवानगी मिळते. "सीमेवर शत्रूला रोखणारं सैन्य" ही जी प्रतिमा करोनाकाळात दररोज ऐकवली गेली, तिच्यात हे कुठेच बसत नाही. आपलं आणि परकं यांच्यात जीवशास्त्राने आखलेली रेघ शोधून ती समाजाला लावू पाहणाऱ्यांची तर इथे पुरती निराशा होईल. एकतर अशी रेघ नाही, आणि आपलेपणाला फार घट्ट चिकटणाऱ्या पेशी थायमसमध्येच मारल्या जातात.

आता पुन्हा वऱ्हाडात येऊ. एल४५२आर याचा अर्थ एवढाच की विषाणूच्या काटेरी प्रथिनात ४५२ व्या जागी ल्युसिनच्या ऐवजी आर्जिनिन आलं. हजाराहून अधिक अमिनो आम्लांच्या साखळीतला एक दुवा. जपानमधल्या कुमामोतो विद्यापीठातल्या चिहिरो मोतोझोनो आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली या एका दुव्याकडे टी-पेशीच्या नजरेने पाहिलं. जपानी लोकांत निम्म्याहून अधिकांकडे एचएलए-ए२४ हा प्रकार असतो. भारतातही तो बऱ्याच लोकांत आढळतो. ए२४ च्या खोबणीत करोनाच्या काट्याचा ४४८ ते ४५६ हा नऊ दुव्यांचा तुकडा नीट बसतो, आणि करोनातून बऱ्या झालेल्या ए२४ वाल्यांच्या टी-पेशी त्याला ओळखतात. खोबणीत रुततात ते मुख्यतः दुसरा आणि शेवटचा दुवा. ४५२ हा त्यातला पाचवा, टी-पेशीच्या बाजूला फुगून आलेला. तो बदलताच त्या टी-पेशींना तो तुकडा ओळखू येईना. अमरावती-अकोल्याच्या नमुन्यांत दिसलेला हा बदल एका विशिष्ट एचएलएच्या माणसाच्या टी-पेशींचे एका तुकड्यापुरते डोळे बांधून गेला. ज्याच्याकडे ए२४ नाही, त्याच्या बाबतीत या तुकड्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

इथे थांबून एक दुरुस्ती करायला हवी, कारण अशा शोधावर वर्तमानपत्री मथळा पटकन चढतो. डेल्टा जगभर पसरला तो प्रामुख्याने टी-पेशींना चकवून नव्हे. तो पेशीत शिरण्यात अधिक पटाईत होता आणि प्रतिपिंडांनाही थोडा चुकवत होता. कुमामोतोच्याच अभ्यासात एल४५२आरमुळे संसर्गक्षमता वाढल्याचंही दिसलं होतं. टी-पेशींना पूर्णपणे चकवणं विषाणूला जमलं नाही, आणि त्याचं कारण मला या सगळ्या कथेत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक माणसाकडे या जातीचे सहापर्यंत वेगवेगळे एचएलए रेणू असतात, तीन आईकडून, तीन वडिलांकडून. प्रत्येक रेणू वेगळे तुकडे धरतो. विषाणूतले कित्येक तुकडे एकाच वेळी मांडले जातात, एक बदलला तरी उरलेले दिसतात. शिवाय शेजाऱ्याचा संच वेगळा. एचएलएचे नोंदलेले प्रकार आता तीस हजारांच्या पुढे आहेत. विषाणूने एका घरात जी युक्ती शिकली ती पुढच्या घरात निकामी ठरते. प्रतिपिंडांना चुकवणारे प्रकार एकामागून एक आले, तरी लस घेतलेल्यांत किंवा आधी आजार होऊन गेलेल्यांत गंभीर आजारापासूनचं संरक्षण बऱ्यापैकी टिकून राहिलं, त्यात टी-पेशींचा वाटा मोठा होता. सिंगापूरमध्ये २००३ चा सार्स होऊन गेलेल्या लोकांच्या रक्तात सतरा वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या होत्या.

प्रयोगशाळेतले उंदीर एकाच छापाचे, म्हणूनच त्यांच्यात हा नियम सापडला. सगळे एकसारखे नसते तर कॅनबेरातला निकाल गोंधळात विरून गेला असता. पण एकाच छापाचा समाज हा विषाणूसाठी सोपा समाज असतो, आणि आपण तसे नाही म्हणून वाचतो. उंदराच्या या उपयोगाला मर्यादाही आहेत. २०२० साली वुहानहून आलेला मूळ विषाणू साध्या प्रयोगशाळेतल्या उंदराला लागतच नव्हता. त्याच्या पेशींवरचा ग्राहक रेणू विषाणूच्या काट्याला जुळत नव्हता, म्हणून माणसाचा जनुक घातलेले उंदीर वापरावे लागले. उंदराने तत्त्व दाखवलं. त्याचा माणसाच्या आयुष्यात अर्थ काय, ते माणसांतच शोधावं लागतं.

यावर एक आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. ताकदीचं काहीच नाही का? मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या गावांत, कुपोषित मूल साध्या गोवराने आणि न्यूमोनियाने जातं, ते काय ओळख चुकली म्हणून? नाही. उपाशी मुलाची थायमस अक्षरशः आकसते. जस्त आणि प्रथिनं नसतील तर टी-पेशी नीट घडत नाहीत. मधुमेह आटोक्यात नसेल तर करोना जास्त घातक ठरला, हेही खरं. पण हे सगळं तुटीचं गणित आहे. तूट भरून काढली की यंत्रणा चालू लागते. भरलेल्या पोटावर आणखी काढे, च्यवनप्राश आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या ओतून ती दुप्पट चालत नाही. मेळघाटातल्या मुलाला अंडं आणि गोवराची लस हवी. अमरावतीच्या कॅम्पातल्या सुखवस्तू घराला ताकद वाढवणाऱ्या बाटलीने काही मिळत नाही. दोघांना एकच सल्ला देणं ही धूळफेक आहे. बाटली विकली जाते त्या घरात, आणि अंडं पोचत नाही ते मेळघाटात.

त्यापुढचा मुद्दा अधिक अवघड आहे, आणि त्याला वऱ्हाडात जुना साक्षीदार आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, अमरावतीकरांचे दाजीसाहेब, यांनी १९४६ साली शहराबाहेर तपोवन उभं केलं. समाजाने हाकललेल्या कुष्ठरुग्णांना तिथे छप्पर मिळालं आणि सुतारकाम, विणकाम अशा कामांतून उभं राहायची जागाही. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनचं कुष्ठरोग रुग्णालय आहे. कुष्ठरोगाची ओळख आपण झडलेल्या बोटांवरून करतो, आणि बोटं झडली म्हणजे जंतूंनी खाल्ली असं धरून चालतो. प्रत्यक्षात कुष्ठाचा जंतू आळशातला आळशी. तो दुप्पट व्हायला बारा-चौदा दिवस घेतो आणि स्वतः कुठलं विष सोडत नाही. त्याने काय होतं ते बव्हंशी त्याला पाहणाऱ्या टी-पेशींवर ठरतं.

रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली या रोगाची जी मांडणी केली, तिच्या एका टोकाला टी-पेशी जंतूला ओळखतच नाहीत. कातडीभर जंतू, कोट्यवधी. दुसऱ्या टोकाला टी-पेशी जंतूला चांगलं ओळखतात. एखादाच बधिर चट्टा असतो आणि जंतू शोधून सापडत नाहीत. त्याच वर्षी लंडनमध्ये रीजने हे उंदरांतही दाखवलं. धडधाकट उंदराच्या तळपायात कुष्ठाचे जंतू टोचले तर त्यांची वाढ ठरावीक पातळीवर थांबते. थायमस काढून किरणोत्सार दिलेल्या उंदरात ते सगळ्या अंगभर फोफावतात. जंतू तोच, उंदीर तोच, फरक टी-पेशींचा. दिल्लीच्या एम्समध्ये इंदिरा नाथ यांनी पुढे अनेक वर्षं कुष्ठरुग्णांच्या लसिकापेशी जंतूपुढे गप्प का राहतात याचाच पाठपुरावा केला.

इथपर्यंत ताकदवाला म्हणेल, बघा, ओळख पक्की असली की जंतू मरतो, म्हणजे आमचंच खरं. पण त्या दुसऱ्या टोकाला मज्जातंतू लवकर आणि जोरात खराब होतो. जंतू लपलेला असतो मज्जातंतूच्या आवरणातल्या पेशींत. टी-पेशी तिथे पोचतात, सूज येते, कोपराजवळची शीर जाड होते, आणि करंगळी-अनामिका वाकायला लागतात. बोट वाकवणारा घाव टी-पेशींचा असतो. डोहर्टी-झिंकरनागेलच्या उंदरांतही हेच होतं : तो विषाणू मेंदूच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही, उंदीर मरतो तो विषाणूला शोधत आलेल्या टी-पेशींमुळे. टी-पेशी नसलेला उंदीर त्याच विषाणूसह जगत राहतो. करोनातही रुग्ण ऑक्सिजनवर गेल्यानंतर जे औषध उपयोगी ठरलं ते प्रतिकार वाढवणारं नव्हतं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या चाचणीने दाखवलं की डेक्सामेथासोन, म्हणजे प्रतिकार दाबणारं स्टेरॉइड, अशा रुग्णांचे मृत्यू कमी करतं. तेच औषध मात्रा आणि वेळ न बघता, साखर न तपासता दिलं गेलं, आणि २०२१ च्या मे महिन्यात काळी बुरशी आली. दाबणं आणि मोकळं सोडणं यांतला तोल महत्त्वाचा आहे, आणि तोल ही गोष्ट बाटलीत विकता येत नाही.

याचा सर्वांत थेट परिणाम आजही कुष्ठरुग्णांना भोगावा लागतो. बहुविध औषधोपचार आल्यापासून जंतू मारणं सोपं झालं. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण मधल्या टप्प्यातल्या काही रुग्णांत उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही टी-पेशी अचानक जाग्या होतात. जुना चट्टा लाल होऊन सुजतो, हातापायाला मुंग्या येतात, पकड ढिली पडते. रुग्णाला वाटतं रोग उलटला, किंवा गोळ्यांच्या उष्णतेने अंगातली शक्ती गेली. तो दवाखान्याऐवजी औषधाच्या दुकानात जातो, टॉनिक घेतो, कुणी सांगितलेली भस्मं घेतो. त्याला हवं असतं प्रेडनिसोलोन, म्हणजे शक्ती देणारं नव्हे तर टी-पेशींना आवरणारं औषध, आणि तेही वेळेत. मज्जातंतूची हानी सहा महिन्यांच्या आतली असेल तर ती बऱ्याचदा भरून येते. त्यापुढे हात वाकलेलाच राहण्याचा धोका वाढत जातो. म्हणून गोळ्यांची पाकिटं देताना आशाताईने किंवा आरोग्यसेवकाने त्या माणसाला एवढं तरी सांगायला हवं, की चट्टा लाल झाला किंवा करंगळी उचलेनाशी झाली, तर टॉनिकच्या दुकानात नाही, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात यायचं.